ओढ्याचा निरोप घेताना

हे मी सांगायचं नव्हतं. पद्मिनीच्या कानावर जाता कामा नये, असं चारुदत्तकाकांनी आम्हाला बजावलं होतं आणि ती माझ्याच वर्गात आहे. म्हणून कुणाला सांगत नाही, नुसतं लिहून ठेवते.

शनिवारी सगळ्यांनी डबे आणून केलेल्या पॉटलकनंतर काकांनी आमच्या बेसमेंटमधला दिवा मालवला. "पद्मिनीचे बाबा, हेमचंद्र, माझा जुना मित्र," ते म्हणाले. "त्याच्याच बाबतीत घडलंय. बारा नोव्हेंबर एक्याऐंशी, गुरुवार."

नेपरव्हिल या आमच्या अमेरिकन गावाबाहेर एक लहानसा ओढा आहे. मक्याच्या शेतात सुरू होतो, नव्या घरांच्या मागून जातो, एका कारखान्याला वळसा घालतो आणि रस्त्याखालच्या सिमेंटच्या पाइपातून नदीला मिळतो. पूर्वी मुलं त्यात डुंबायची. मग पाण्यावर फेस आला, बेडूक गेले, काठची झाडं वाळली. कारखाना रात्री घाण सोडतो असा संशय होता. हेमचंद्रकाका पाणी तपासणारे इंजिनिअर. नमुना घ्यायला रात्री साडेअकराला गेले. एकटेच.

"एकटे? नो वे, काका!" माझा धाकटा भाऊ अमित म्हणाला.

"तुझ्यासारखा भित्रा नव्हता तो. ऐक."

पाइपाच्या तोंडाशी त्यांनी बाटली भरली, झाकण लावलं. मान वर केली तर पलीकडे पाण्यात एक बाई बसलेली. पाठमोरी. दंड घासत होती. एकसारखी घासत होती.

"काय नेतोस?"

"थोडं पाणी."

"ने. बघ तरी, काय झालंय माझं."

कुणी आजारी बाई असेल, असं त्यांना वाटलं. "थंडी फार आहे, घरी जा," ते म्हणाले. आणि सवयीनं पुढे, "बरं, येतो."

घासणं थांबलं.

"ये. लेकीला घेऊन ये."

 अमित माझ्याजवळ सरकला.

गाडीत बसल्यावर हेमचंद्रकाकांच्या लक्षात आलं. ती मराठीत बोलली होती.

"आपण 'जातो' म्हणत नाही ना," चारुदत्तकाका हळूच म्हणाले. "तिनं ते खरं धरलं."

हेमचंद्रकाका घरी आले. दारं लावली. आठ वर्षांची पद्मिनी झोपली होती. ते तिच्या खोलीच्या दारात बसून राहिले. तीन वाजता पाण्याचा आवाज आला. नळाचा नाही. बाहेरचा नाही. खोलीतलाच...

दिवा लावला. कुणी नव्हतं. पद्मिनी गाढ झोपेत. पाय कोरडे. केस कोरडे. उशाशी पाण्याचा ग्लास. त्यात एक मासा.

जिवंत.

"मग त्याचं काय केलं?" मी विचारलं. मी सहसा विचारत नाही.

"मारवेना. सोडायचा तर ओढ्यावर जायला हवं... सहा वर्षं झाली. काचेच्या भांड्यात आहे. वाढत नाही, मरत नाही. पद्मिनीला वाटतं, दुकानातून आणलाय. हल्ली ती म्हणते, बाबा, याला आपण मोकळं..."

आई खालून हाक मारते आहे. पद्मिनी दारात आलीये म्हणे, हातात काचेचं भांडं आहे, मला ओढ्यावर बरोबर चल म्हणते. मी खाली जाऊन तिला काय सांगू?