फरशीखालचा थर

दार उघडलं तर तो उंबऱ्यावर उभा. केसांत पांढरी पूड, हातात तारा नसलेलं व्हायोलिन.

"ही पूड तुमची," तो म्हणाला.

"माझी कशी? तुमच्या छताची आहे."

"माझं छत म्हणजे तुमचीच जमीन ना?"

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी त्याला बोलायची रीत शिकवायला घेतली. मी घरातली जुनी फरशी उखडत होते. तो खालच्या मजल्यावर व्हायोलिनं दुरुस्त करायचा. वर हातोडा पडला की त्याला तार ऐकू येत नसे. जिन्यात रोज आमचं वाजायचं. शेवटी सोसायटीच्या अध्यक्षांनी तोडगा काढला: जेवणानंतर तासभर काम बंद, आणि नव्या फरशीखाली आवाज गिळणारा रबरी थर — माझ्या खर्चाने. तो जिंकला, आणि जिंकल्यासारखं तोंड करून गेला.

आता त्या फुकटच्या तासाचं करायचं काय? मिस्त्रीकाका पोत्यावर आडवे व्हायचे. एक दिवस मीही उघड्या सिमेंटवर कान टेकून पडले… आणि खालून एक सूर वर आला. आधी कुरकुरत, मग सैलावत, मग अगदी नेमका. खिडकीतून तिरपं ऊन, उन्हात तरंगणारी धूळ… वाटलं, आपण पाण्यावर पडलोय आणि कुणीतरी तळातून हळूच लाट पाठवतंय.

दुसऱ्या दिवशी मी उशी घेऊन गेले. म्हणजे बघा.

"ताई, जमिनीला काही झालंय का?" काकांनी डोळे न उघडता विचारलं.

"पोकळ वाजतेय का बघतेय."

"जमीन ठणठणीत आहे. तुमचं तुम्ही बघा."

जिन्यातली भांडणं चालूच होती. फक्त मी आता केस विंचरून भांडायला जात होते.

"उद्या थर बसतोय," मी त्याला सांगितलं. "सुटलात."

"हं… सुटलो," तो म्हणाला, आणि त्याच पायरीवर उभा राहिला.

माझा मात्र हिशेब जुळेना. त्याला शांतता मिळणार, मला फरशी. आणि तो सूर?

सकाळी काका रबराची गुंडाळी उलगडत होते, तोच तो धापा टाकत वर आला.

"हे… नका घालू."

"तुम्हीच मागितलं होतंत."

"हो, पण…" तो कान खाजवत राहिला. "दुपारी तुम्ही खिडकीपासून चालत येता. मध्यावर थांबता. मग पाऊल वाजत नाही. तोवर मी तार छेडतच नाही. उद्यापासून कसं कळणार, तुम्ही आलात ते?"

माझा हात आधी केसांकडे गेला. आज नेमके विंचरले नव्हते.

"घालू की नको?" काका म्हणाले. "हात भरून आलेत."

"घाला, काका."

त्याचा चेहरा पडला. तो मी जरा वेळ बघून घेतला. इतक्या दिवसांच्या भांडणात तेवढा माझा हक्क होताच.

"जमिनीतून किती दिवस ऐकायचं?" मी म्हटलं. "मी खालीच येत जाईन."

तो दोन पायऱ्या उतरला, पुन्हा वर आला.

"आज? म्हणजे… जेवणानंतर?"

"जेवायलाच येते."