वॉटीचं खोटं

शेजारच्या मुलांचा चेंडू कुंपणावरून उडून परसात आला, आणि नेटाच्या हातातली ओली चादर दोरीवर पडायच्या आतच तिच्या नवऱ्याने, वॉटीने, उडी मारली! सत्तरीकडे झुकलेला तो धिप्पाड देह क्षणभर खरोखरच जमिनीवरून उचलला गेला, कपाळ चेंडूवर आदळलं, चेंडू बरोबर आल्या वाटेने परत गेला, आणि वॉटी गिलफिलन ओल्या गवतावर आडवा झाला.

नेटा धावली, त्याच्या काखेत हात घालून तिने ओढून पाहिलं, पण तो तसूभरही हलेना. तो मात्र आकाशाकडे पाहत समाधानाने हसत होता. गोल वाचला ना, असं त्याने तिला विचारलं. वाचला, ती म्हणाली. मग ती त्याच्याशेजारी त्या चिखलातच बसली, कारण दुसरं काही करण्यासारखं तिच्या हातात उरलंच नव्हतं... समुद्रावरून वारा येत होता, चादर चिखलात लोळत होती, आणि ज्या माणसाच्या भरवशावर तिने उभा जन्म काढला, त्याला उठवून उभं करण्याइतकंही बळ तिच्या हातांत नव्हतं. शेजारी आले, त्यांनी दोघांनी मिळून त्याला आत नेलं. जाताना त्यातला एकजण हलक्या आवाजात म्हणाला की नेटा, ग्रेगरला कळव आता. एकटीने निभणार नाही तुला.

ग्रेगर! पोटच्या पोराचं ते नाव या घरात मोठ्याने उच्चारलं जाऊन किती वर्षं लोटली होती...

डनार्गमध्ये वॉटीला न ओळखणारं माणूस नव्हतं. स्कॉटलंडमधल्या एअरशरच्या किनाऱ्यावरचं ते कोळशाच्या खाणींचं गाव, आणि दर शनिवारी दुपारी सगळं गाव मैदानाच्या कठड्याला टेकून उभं. वॉटी सतराव्या वर्षी गावच्या फुटबॉल संघात आला तो बचावफळीच्या मधोमध उभा राहिला, आणि तिथून त्याला कुणी हलवू शकलं नाही. चार वर्षं इंग्लंडात खेळून आला, एकदाच, एका पावसाळी संध्याकाळी, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाची निळी जर्सी त्याच्या अंगावर चढली, आणि मग तो पुन्हा गावी परतला. गोल करणाऱ्यांची नावं वर्तमानपत्रात यायची. वॉटीचं काम एकच होतं, उंच आलेला प्रत्येक चेंडू डोक्याने परतवायचा. पावसात चेंडूचं कातडं पाणी पिऊन धोंड्यासारखं जड व्हायचं. सामन्यानंतर घरी आला की तो पडदे ओढून पडून राहायचा आणि नेटा त्याच्या कपाळावर थंड पाण्याची पट्टी ठेवत बसायची. हा खेळच असा, तो म्हणायचा.

मग एके दिवशी तो डॉड रेनीला भेटायला गेला. डॉड म्हणजे त्याच्या आधी त्याच जागेवर खेळलेला, त्याला सगळं शिकवणारा माणूस. पन्नाशीतच त्याला शुश्रूषागृहात ठेवलं होतं. दारूने डोकं गेलं असं लोक म्हणत, डॉक्टरही म्हणत. पण डॉड दारूच्या थेंबाला शिवत नसे, हे वॉटीला ठाऊक होतं; त्याचं डोकं गेलं ते वर्षानुवर्षं कपाळावर झेललेल्या चेंडूंनी. डॉडने त्याला ओळखलं नाही. स्वतःच्या बायकोला तो परिचारिका समजून अदबीने बोलत होता. वॉटी घरी आला, स्वयंपाकघरात बसला, आणि म्हणाला, "नेटा, मागच्या आठवड्यात मैदानावरून घरी येताना मी रस्ता चुकलो. आपल्याच गावात."

खेळ सोड म्हणून ती रडली, विनवण्या केल्या. पण खाणी बंद पडत चालल्या होत्या, गावात दुसरं काम नव्हतं, आणि वॉटीला दुसरं काही येत नव्हतं. माझं जे व्हायचं ते होऊन गेलं, तो म्हणाला. पोराचं होऊ द्यायचं नाही.

कारण ग्रेगर तेव्हा पंधरा वर्षांचा होता आणि बापाच्याच जागेवर खेळत होता, बापाहून चांगला! हवेत तो बापापेक्षा हातभर उंच उडायचा, आणि त्याला पाहताना गावातले म्हातारे टोप्या मागे सारायचे. ग्लासगोच्या एका मोठ्या संघाचा माणूस त्याला करारबद्ध करायला घरी येणार होता. नेटाने केक भाजला होता, ग्रेगरने आपणहून बूट पुसले होते. तो माणूस खुर्चीत बसला, चहा प्याला, आणि वॉटीने त्याला शांतपणे सांगितलं की तुमची खेप वाया गेली. माझ्या मुलाला उंच चेंडूची भीती वाटते. ऐन वेळी डोळे मिटतो तो. बाप आहे, मला माहीत आहे.

असल्या गोष्टी पसरायला वेळ लागत नाही. वॉटी गिलफिलनसारखा माणूस स्वतःच्या पोराबद्दल असं बोलतो म्हटल्यावर त्यावर शंका कोण घेणार? त्यानंतर कुठल्याच संघाचा माणूस त्यांच्या दारात आला नाही.

त्या दिवशी तो माणूस गेल्यावर ग्रेगर बापासमोर उभा राहिला तेव्हा रागाने त्याचे ओठ पांढरे पडले होते. तुम्हाला माझा हेवा वाटतो, तो म्हणाला. तुम्ही म्हातारे होताय आणि मी तुमच्या पुढे जाईन हे तुम्हाला सहन होत नाही. नेटा भांडी पुसत होती, तिच्या हातातलं फडकं थांबलं. आता सांगेल, तिला वाटलं, आता तरी हा खरं सांगेल... पण वॉटीने मुलाकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "हो. वाटतो हेवा."

नंतर त्याने तिच्याकडून शब्द घेतला. खरं कळलं तर पोरगं हसेल, साऱ्या जगासारखं, आणि जाऊन खेळेलच. त्यापेक्षा त्याला माझा तिरस्कार करू दे. तू मात्र गप्प राहा, नेटा, माझ्या गळ्याची शपथ. आणि ती गप्प राहिली. ग्रेगर घर सोडून ॲबरडीनला गेला, समुद्रातल्या तेलविहिरींवर वीजतंत्री झाला, लग्न केलं, त्याला मुलं झाली, ती सारी तिने फोटोंत पाहिली. नाताळला तो आईला फोन करायचा, बापाचं नाव काढायचा नाही. फोन ठेवल्यावर वॉटी वर्तमानपत्रातून मान वर न करता विचारायचा, बरा आहे ना? आणि ती दोघांच्या मधे, दोन्हीकडून चिरडत राहिली!

वॉटी परसात पडला त्या दुपारी तिने स्वतः फोन लावला. ग्रेगर येणार नाही म्हणाला, पण दुसऱ्या दिवशी दारात उभा राहिला. केसांत पांढरं दिसू लागलं होतं. तिने त्याला स्वयंपाकघरात बसवलं, बटाटे सोलायला घेतले, आणि हातातल्या सुरीवरची नजर न काढता सगळं सांगून टाकलं... डॉड रेनी, चुकलेला रस्ता, केक, शपथ. शपथ मोडताना तिला वाटलं होतं की छातीवरचा दगड उतरेल. तो उतरला नाही. समोर तिचा मुलगा दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता. तो म्हणाला, "आई, तू मला आधी का नाही सांगितलंस? त्यांना कळत होतं तेव्हा?"

तिने पुढचा बटाटा सोलायला घेतला.

तो उठून बाहेरच्या खोलीत गेला. वॉटी खिडकीशी बसला होता, कपाळावर कालची जखम. ग्रेगर शेजारच्या खुर्चीवर बसला तशी वॉटीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"नवीन आलास का रे?"

"हो," ग्रेगर कसाबसा म्हणाला.

"कुठे खेळतोस?"

"मधे. बचावाला."

वॉटीचा चेहरा एकदम बदलला. त्याने ग्रेगरचं मनगट धरलं आणि दाराकडे पाहत, कुणी ऐकू नये अशा बेताने तो बोलू लागला. "घरी जा, पोरा. आत्ताच्या आत्ता जा. डोळ्यांना नीट दिसत नाही, भीती वाटते, काहीही सांग. माझा एक मुलगा आहे. माझ्याहून चांगला खेळायचा. मी त्यांना सांगितलं, तो भितो. खोटं होतं ते. तो कधीच भ्यायला नाही."

ग्रेगरने मनगट सोडवून घेतलं नाही. "मग... तो रागावला असेल तुमच्यावर."

"रागावलाय ना! घरी येत नाही." आणि त्या विझलेल्या डोळ्यांत कुठूनसा अभिमान उजळला. "धरू दे राग. इतकी वर्षं राग धरायला डोकं शाबूत लागतं. त्याचं आहे."

"बाबा," ग्रेगर म्हणाला, "बाबा, मीच ग्रेगर."

वॉटीने सभ्यपणे मान डोलावली. "हो का? त्याचंही नाव तेच."

ग्रेगर खुर्चीवरून खाली सरकला आणि म्हाताऱ्या बापाच्या गुडघ्यांवर डोकं टेकून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. जी क्षमा मागायला तो या खोलीत आला होता, ती देणारा समोर असूनही तिथे नव्हता! वॉटी गोंधळला. सामना हरलेल्या कोवळ्या पोराची समजूत घालावी तशी तो त्याची पाठ थोपटत राहिला, पुढच्या शनिवारी पुन्हा सामना आहे म्हणाला, आणि त्याच्या डोक्यावरून दारातल्या नेटाकडे पाहू लागला. हा कोण, का रडतोय, असं तो डोळ्यांनीच तिला विचारत होता.

नेटाने बाहीने डोळे टिपले. आज तिला बोलायची मुभा होती, सगळं बोलायची, आणि ज्याला सांगायचं त्याच्यापर्यंत एकही शब्द पोचणार नव्हता.

"तो खेळायला नाही आला, वॉटी," ती म्हणाली. "घरी आलाय."

वॉटीने त्यावर विचार केला. ते त्याला पटलेलं दिसलं. "मग त्याला जेवायला वाढ," तो म्हणाला. "लांबून आला असेल."

ती तिघं जेवायला बसली. खिमा होता, उकडलेले बटाटे होते. ग्रेगरने काटा उचललाच नाही. वॉटी थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिला, मग आपल्या ताटातला मोठा बटाटा काट्याने उचलून त्याने मुलाच्या ताटात ठेवला, आणि पुन्हा खाली मान घालून जेवू लागला.