पट्ट्याविना एकशेदहा

आमच्या मंगलला लग्नाच्या बाराव्या वर्षी मुलगी झाली, ते दोन हजार चोवीस साल. जानेवारीत सांगलीला बारसं झालं. बारशाच्या घुगऱ्यांचा डबा स्कूटीला अडकवून मंगलची भाची संयोगिता हरिपूरच्या रस्त्यानं घरी निघाली होती, आणि वाटेत मेंढरं आडवी आली.

दोन-अडीचशे तरी असतील. स्कूटीच्या पुढं, मागं, चाकाला अंग घासत. संयोगितानं हॉर्न वाजवला. एक मेंढी बिथरून उसात घुसायला निघाली, तोच एका तरुणानं वाकून तिचा मागचा पाय धरला. एका हातानं. मेंढी हिसके देत होती, पण पाय सुटला नाही. तो मात्र दुसऱ्या हातानं डोक्याचा रुमाल सारखा करत होता.

संयोगिता त्याच्या तोंडाकडं बघायच्या आधी हाताकडंच बघत राहिली. त्याला कारण होतं. आठच दिवसांपूर्वी जिल्ह्याच्या वजन उचलण्याच्या स्पर्धेत एकशेदहा किलोचा बार जमिनीवरून गुडघ्यापर्यंत आला आणि तिच्या बोटांतून निसटला होता. व्यायामशाळेत तेच वजन ती पाच-पाच वेळा उचलायची, पण मनगटाला पट्टे बांधून. पट्ट्याचा एक वेढा मनगटाला, दुसरा बारला, म्हणजे बोटांवर भार कमी. स्पर्धेत पट्टे चालत नाहीत.

“हॉर्न नका वाजवू,” तो म्हणाला. “भित्यात ती.”

“वजन किती असेल हिचं?”

“इकायची न्हाई ती.”

“विकत कुठं मागतेय? वजन विचारलं.”

“पस्तीस किलो आसंल. का ओ?”

“सुटत कशी नाही तुमच्या हातातून?”

त्यानं स्वतःच्या हाताकडं बघितलं. पहिल्यांदाच बघितल्यासारखं. “सोडली न्हाई म्हणून.”

ती हसली. तो हसला नाही, पण त्याचे कान लाल झाले.

“भाऊसोंचं रान कुठं आलं?” त्यानं विचारलं. “ऊस गेलाय त्यांचा. मेंढरं बसवायची हायेत.”

“माझे वडील ते.”

“मग वाजवा हॉर्न,” तो म्हणाला. “रस्ता बी तुमचाच म्हणायचा.”

त्याचं नाव धनाजी. साताऱ्याकडच्या माण तालुक्यातला. तिकडं उन्हाळ्याआधीच पाणी आटतं, म्हणून दिवाळीनंतर ही माणसं मेंढरं घेऊन कृष्णेच्या काठाला उतरतात. रिकाम्या रानात मेंढरं बसली की लेंड्यांचं खत होतं. रानवाल्यालाही बरं, मेंढरांनाही बरं. धनाजीबरोबर त्याची आई दगडाबाई होती. घोड्यावर बिऱ्हाड, घोड्यामागं ती.

संयोगिता सकाळी दूध घेऊन रानात जायला लागली. आधी आईनं सांगितलं म्हणून. मग कुणी न सांगताच.

एक दिवस तिनं धनाजीला पट्टे दाखवले. त्यानं ते मनगटाला गुंडाळले, दुसरं टोक मेंढीच्या पायाला घातलं आणि लगेच सोडलं.

“ह्यानं मला काय कळंना.”

“काय कळायचंय?”

“मेंढी हिसका द्यायच्या आधी पाय तंग हुतो. हाताला कळतं. पट्ट्यात… मेंढी कुठं हाय आन मी कुठं हाय, काय पत्ता न्हाई.”

व्यायामशाळेतले वजीरचाचा हेच वेगळ्या शब्दांत सांगत. “पट्टे वाईट नाहीत, बेटा. बोटं थकली आणि पाठीला अजून काम द्यायचंय, तर लाव. तू सत्तर किलोपासूनच लावतेस. तुझी पाठ घोड्याची आणि हात बाहुलीचे झालेत.”

माघात कातरणी निघाली. दगडाबाईनं संयोगिताला मेंढी धरायला बसवलं. पहिली सुटली, दुसरीही सुटली. तिसरीला संयोगितानं इतका जोर लावला की मेंढी ओरडली.

“जोर लावू नगंस, पोरी,” दगडाबाई म्हणाली. “फकस्त सोडू नगंस.”

धनाजी शेजारी कातर चालवत होता. कचकच… कचकच… लोकर गोधडीसारखी उलगडत होती. त्यानं मान वर केली नाही, पण संयोगिता ज्या मेंढीला हात घाली, नेमकी तीच त्याची पुढची मेंढी असे. दगडाबाईनं हे पाहिलं आणि तंबाखूची पुडी काढायला तोंड फिरवलं.

पाडव्याच्या आधी मेंढरं हलली. दोन गावं पलीकडं, मग हळूहळू परत माणकडं. निघायच्या सकाळी धनाजीनं तिला घोंगडीचा हातभर तुकडा दिला.

“बारला गुंडाळ आन लोंबकळ. जाड झाला की बोटं झक मारत काम करत्यात.”

“एवढंच सांगायचंय?”

तो घोड्याची दोरी पुन्हा पुन्हा आवळत राहिला. ती आधीच आवळलेली होती.

“सांगायचं हाय एक,” तो म्हणाला. “पर… आता न्हाई.”

“मग कवा?” तिनं त्याच्याच बोलीत विचारलं.

“पट्ट्याबिगर एकशेदहा उचल. त्या दिवशी सांगतो.”

“आणि नाही उचललं तर?”

“मग राहिलं,” तो म्हणाला, आणि हे बोलून त्यालाच वाईट वाटलं.

तिनं पट्टे कपाटात टाकले. एकशेदहावरून सत्तरवर आली. शाळकरी मुली तिच्यापेक्षा जास्त उचलत होत्या आणि चोरून हसत होत्या. घोंगडी तळव्याला टोचे. त्या तुकड्याला मेंढरांचा वास होता, धुराचा होता, आणि आणखी एक… तो कशाचा, हे तिनं कुणाला सांगितलं नसतं. बारला लोंबकळताना ती डोळे मिटून घ्यायची.

किती सेकंद लोंबकळली, तेवढाच आकडा ती त्याला मोबाइलवर पाठवी. ‘२२’. दोन दिवस उत्तर नाही. माळावर रेंज नसे. मग टेकडीवर चढून त्यानं आवाज पाठवलेला असायचा, मागं वारा आणि घंटा: “बावीस म्हंजी कायच न्हाई. आमचं कोकरू बी लोंबकाळतंय एवढं.”

‘३५’.

“बरं हाय.”

‘४८. आणि तू जेवलास का?’

या वेळी तो त्याच संध्याकाळी टेकडीवर चढला. मग, “जेवलो… तू?”

आषाढ गेला, श्रावण गेला. हाताला घट्टे पडले. आई म्हणाली, मुलीचे हात असे असतात का. संयोगिता उशीवर तळवा ठेवून तो घट्टा दुसऱ्या हाताच्या बोटानं चाचपत पडायची. माण काही लांब नाही, तीन तासांची एसटी. पण बोलावल्याशिवाय कसं जायचं, आणि त्यानं तर अट घालून ठेवली होती. कधी तिला त्याचा राग यायचा. रागातच एक दिवस शंभर उचललं गेलं.

भाद्रपदात साताऱ्याला स्पर्धा होती. तारीख तिनं त्याला कळवली होती. एकाला तीन संधी. बाहेर झिमझिम चालू होती आणि सभागृहात ओल्या छत्र्यांचा वास. पहिल्या संधीत संयोगितानं शंभर उचलले. दुसरीला एकशेदहा सांगितले आणि मागं वळली, तर दारात धनाजी. भिजलेला, धापा टाकणारा. माणमध्ये कातरणी चालली होती. हातातली मेंढी अर्धी कातरून, ती आईच्या हवाली करून, तो तसाच एसटीत बसला होता.

तो सरळ तिच्यापाशी आला. त्यानं तिचे दोन्ही हात हातात घेतले. पहिल्यांदाच. तळवे उलटे करून घट्टे बघितले, अंगठ्यानं दाबून बघितले.

“झालं की तुझं काम,” तो म्हणाला.

तिचं नाव पुकारलं. घाईत तिनं थोडी खडूची भुकटी लावली आणि बार धरला. बार उठला, गुडघ्यापाशी आला… आणि साबणासारखा निसटला. धाड.

ती तळव्यांकडं बघत परत आली. “सुटला. चांगला धरला होता, तरी सुटला.”

वजीरचाचांनी तिचं बोट आपल्या बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. “हे काय लावलंस? तूप?”

धनाजीनं स्वतःचे हात बघितले आणि खाली बसला. लोकरीचा मेणचटपणा. सकाळपासून चाळीस मेंढरं कातरलेल्या हातांनी त्यानं तिचे हात धरले होते.

“मी घालवलं,” तो म्हणाला. “माझ्याच हातानं…”

“रडायला बसू नकोस. कशानं जातं हे?”

“पाण्यानं न्हाई जात. कोरड्या मातीनं.”

“मग आण. दहा मिनिटं आहेत.”

तो बाहेर धावला, मागोमाग ती. सगळीकडं चिखल. वळचणीखाली भिंतीलगत वीतभर कोरडी माती होती. तिथंच बसून त्यानं तिच्या तळव्यावर माती घातली, आणि आता स्वतःचा हात लागू नये म्हणून रुमालानं चोळायला लागला. बोटांच्या बेचक्यातून, घट्ट्यांवरून. पागोळ्या त्याच्या पाठीवर गळत होत्या. ती त्याच्या ओल्या मानेकडं बघत होती. तो वर बघत नव्हता.

“धनाजी, उचललं नाही तर खरंच सांगणार नाहीस?”

“बोलू नगंस. दुसरा हात दे.”

नळाला साबण लावून हात धुतले, पुसले, भुकटी लावली. तिसऱ्यांदा बार धरला तेव्हा तिनं आवळून आवळून पकडला, मग दगडाबाईचा आवाज आठवला आणि खांदे सैल सोडले. फक्त सोडायचं नाही. बार नडगीला घासत आला, गुडघा ओलांडला. उजव्या हाताची करंगळी उघडायला लागली. तिला ते आधीच कळलं, आणि तिनं ती मिटली. पंचांनी खाली ठेवायची खूण केली, तरी ती क्षणभर धरूनच उभी होती.

वळचणीखाली तो तसाच बसला होता.

“सांग आता.”

“तुला ठावं हाय की.”

“मी एकशेदहा ऐकायला उचलले.”

तो रुमालाची माती झटकत राहिला. “आमची मेंढरं दोनशे चाळीस हायेत. रोज मोजतो. पाडव्यापासनं दोनशे एकेचाळीस भरत्यात. आई म्हनती, पोरगं कामातनं गेलं.”

“ती जादाची कोण?”

“ती हितं न्हाई आसत. सांगलीत आसती.”

पाऊस थांबला नव्हता. त्यानं हात पुढं केला.

“आधी धुऊन ये,” ती म्हणाली.

लग्नाचं ऐकून भाऊसो महिनाभर बोलले नाहीत, मग बोलले. दुसऱ्या वर्षी माघात लग्न झालं. संयोगिता वजीरचाचांकडं मुलींना शिकवते. नवीन मुलीला पहिले तीन महिने पट्टे देत नाही. निम्मं वर्ष धनाजी कृष्णाकाठी असतो. निम्मं वर्ष तो माणला आणि ती सांगलीत, तेव्हा टेकडीवरून आवाज येतो, मागं वारा आणि घंटा. ती तो दोनदा ऐकते.

लग्नाच्याच वर्षी श्रावणात दगडाबाई आजारी पडली, तेव्हा संयोगिता माणला गेली आणि आठ दिवस उशाशी बसली. म्हातारीनं सुनेचा हात धरला तो धरलाच. शेवटी तिची बोटं एकेक करून संयोगितालाच सोडवावी लागली. धनाजीची आई दगडाबाई एकवीस ऑगस्ट दोन हजार पंचवीस रोजी, गुरुवारी सकाळी, आपल्या घरी वारली.