मानीव गैरहजेरी

त्या वर्षी राज्यातल्या एकूण एक डोंगराला गुण मिळाले. शंभरापैकी. पस्तीसच्या वरचा डोंगर पास, म्हणजे राखीव. खालचा नापास, आणि नापास डोंगर सरळ खडीच्या खाणीला. कातळवाडीच्या बाळंतकड्याला मिळाले चार.

"चार?" तनुजा लांघी किंचाळली. "अहो, पेपरवर नुसतं नाव लिहिलं तरी चार मिळतात!"

तनुजा दहावीत होती. तिची आई सुगंधाबाई गावची सरपंच. आणि त्यांच्या ओट्यावर चहाचा कप धरून, अपराध्यासारख्या बसल्या होत्या डॉ. मृदुला टिपणीस. हे गुण देणारं 'डोंगरपारखी' यंत्र ज्यांनी बनवलं, त्यांच्यापैकी एक.

यंत्रामागची कल्पना सोपी होती. एखादा पक्षी जिथे जिथे घरटं करताना दिसला, तिथली उंची, उतार, ऊन, वारा, रस्त्यापासूनचं अंतर, सगळं यंत्राला पुरवायचं. त्यावरून यंत्र त्या पक्ष्याची आवड शिकतं आणि प्रत्येक डोंगर त्याला विणीसाठी कितपत मानवेल याचा अंदाज गुणांत सांगतं. बाळंतकड्याच्या कपारींत लांब चोचीची गिधाडं पिढ्यान्‌पिढ्या घरटी करत होती. वर्षाला एका जोडीचं एकच अंडं.

"मग चार कसे?" तनुजा हटेना.

"इथली एकही नोंद नाही," टिपणीस म्हणाल्या. "यंत्राला 'आहे' शिकवायचं तर 'नाही'सुद्धा दाखवावं लागतं. पण पक्षी नाहीत हे कोण तपासत बसणार? म्हणून नोंद नसलेल्या काही जागा ते 'नाही'मध्येच धरतं. आम्ही त्याला मानीव गैरहजेरी म्हणतो."

"म्हणजे सर वर्गात आलेच नाहीत, आणि अख्ख्या वर्गाची गैरहजेरी मांडून मोकळे!"

"तसंच काहीसं," टिपणीस कपात बघत म्हणाल्या.

नोंद असणार कुठून? दिवाळी झाली की कातळवाडीतलं कुणी कड्याकडे फिरकत नसे. कडा बाळंतीण आहे, असं म्हणायचे. लग्नाची वाजंत्री खिंडीत गप्प व्हायची, गुरं दुसऱ्या अंगाला वळवायचे. मोठाले कॅमेरे घेऊन आलेल्यांना तर सुगंधाबाईंनी काठी दाखवून परत धाडलं होतं. गिधाडं टिकली ती गावाच्या या गप्प राहण्यावर. आणि यंत्राने नेमकं तेच गप्प राहणं 'नाही' म्हणून वाचलं!

"तुम्ही लिहा ना, मॅडम, की पक्षी आहेत म्हणून. कड्यावर घिरट्या घालताना पाहिलेत ना आत्ता?"

"माणसाच्या शब्दाला आता किंमत नाही गं. पूर्वी पैसे चारून हवे तसे अहवाल लिहून घ्यायचे, म्हणून तर यंत्र आणलं. त्याला फोटो लागतात. अंड्यांचे, पिल्लांचे, जवळून. आणि खूप जणांच्या फोनवरून. याच हंगामात."

"बाळंतिणीच्या खोलीत जत्रा भरवायची म्हणता?" सुगंधाबाईंनी त्यांच्या हातातला कप काढून घेतला. त्यात अजून चहा होता.

"नाहीतर सुरुंग लागतील, ताई."

आईशी भांडून, गावाशी भांडून, तनुजाने शेवटी शहरातल्या पक्षीप्रेमींना बोलावलं. आले की! गाड्या भरभरून आले, दोर लावून कपारींपर्यंत उतरले, अंड्यासोबत स्वतःचे दात दाखवत फोटो काढले. "हळू बोला, हळू बोला," असं ओरडून ओरडून तनुजाचाच घसा बसला. चाराचे एकोणीस झाले, मग बावन्न, मग अठ्ठ्याऐंशी. बाळंतकडा विशेष प्रावीण्यासह पास! शाळेत पेढे वाटले.

त्याच आठवड्यात शेवटची मादी अंड्यावरून उठली, ती परत बसलीच नाही. अंडं कावळ्यांनी फोडलं. सुगंधाबाई लेकीला एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं.

पुढच्या दिवाळीनंतर बाळंतकड्यावर एकही जोडी आली नाही. तनुजाने फोन लावला.

"मॅडम, कडा रिकामा आहे. गर्दी हटली तर पक्षी परततील. थोडे गुण कमी करा त्याचे!"

"कसे करू? पक्षी नसल्याचा फोटो निघत नाही, तनुजा." टिपणीसांचा आवाज उतरला होता. "आणि अजून एक झालंय. तुमच्या कड्याच्या एवढ्या नोंदी आल्या, की यंत्र त्यांवरूनच शिकलं. त्याला वाटतंय, गिधाडांना गाड्या आणि माणसांची वर्दळ आवडते. सगळे निवांत कडे आता..."

"नापास?"

"तुमच्या मागचा भैरवसुळका शून्यावर आहे. पुढच्या महिन्यात सुरुंग. तिथे काही दिसलं तर लगेच फोटो काढ. माणसं मी पाठवते."

तनुजा भैरवसुळक्यासमोरच उभी होती. समोरच्या कपारीत ताज्या काटक्या होत्या, खाली कातळावर विष्ठेचे पांढरे ओघळ होते, आणि काटक्यांवर एक मादी अंग पसरून बसली होती. तनुजाने फोटोसाठी फोन समोर धरला. मादीने मान वर केली. तनुजाने फोन खाली घेऊन परत कानाला लावला.

"काढला तर पक्षी जाईल, नाही काढला तर सुळका जाईल! तिसरं काही शिकवलंयत का तुमच्या यंत्राला?"

पलीकडून काहीच आवाज आला नाही.

"बोला ना, मॅडम! की तुमचीही गैरहजेरी मांडू?"