उमाठेसाहेबांची तफावत

अकराच्या ठोक्याला पट्टेवाल्याने दार उघडलं, सगळे ताडकन उभे राहिले आणि न्यायाधीशांच्या रिकाम्या खुर्चीने घसा खाकरला.

म्हणजे खुर्चीने नव्हे, टेबलावरच्या बशीएवढ्या काळ्या तबकडीने. पण खाकरणं अस्सल न्यायाधीश माधव उमाठ्यांचं होतं. आधी दोनदा बारीक, मग एकदा दणदणीत. उमाठेसाहेबांना जाऊन चार दिवस झाले होते.

"जिवंतपणी साहेब कधी अकराला आले नाहीत," हवालदार टेकाम कुजबुजले. "आता पाहा मॅडम, कसे टायमावर येऊन राहिले!"

"टेकाम, हसवू नका. कोर्टात आहोत आपण," निरीक्षक हर्षदा मेश्राम म्हणाली खरी, पण तिलाच ओठ दाबून धरावे लागले. हसू लगेच ओसरलं. चार दिवसांपूर्वी याच माणसाच्या उजव्या कानामागे तिने भिंगातून सुईची खूण पाहिली होती. टाचणीच्या टोकाएवढी.

सहा वर्षांपूर्वी हा कायदा झाला तेव्हा लोकांनी टाळ्याच वाजवल्या होत्या. न्यायाधीश वारला की चालू खटला रखडायचा, साक्षीदार म्हातारे व्हायचे, पक्षकार थकून जायचे. म्हणून प्रत्येक न्यायाधीशाची एक 'न्यायप्रतिमा' तयार करायचं ठरलं. त्याने आयुष्यभर दिलेले निकाल, विचारलेले प्रश्न, वकिलांच्या केलेल्या कानउघाडण्या, सगळं यंत्राला शिकवायचं. माणूस गेला तरी उरलेले खटले त्याच्याच डोक्याने निकाली निघणार. झकास! रानवडी जिल्ह्यातले वकील कौतुकाने सांगायचे, आता साहेब मेले तरी तारीख चुकत नाही.

पण वर्षभरात तीन साहेब मेले. पहिल्यांची गाडी कालव्यात गेली, दुसऱ्यांच्या न्हाणीघरात गॅस कोंडला, आणि उमाठेसाहेब सकाळी फिरायला गेले ते बागेतल्या बाकावर बसल्या बसल्या संपले. तिघांसमोरही काळवाडा कोळसा खाणीचे खटले होते. या खाणीने सतरा गावांच्या विहिरी काळ्या केल्या होत्या, आणि खाण होती पालकमंत्र्यांच्या मेहुण्याची. पहिल्या दोघांच्या न्यायप्रतिमांनी निकाल दिले: खाण निर्दोष. कोणालाही नवल वाटलं नाही. ते दोघे जन्मभर उद्योगवाल्यांच्याच बाजूने निकाल देत आलेले. उमाठेसाहेबही त्याच वळणाचे.

हर्षदाचं घोडं तिथेच अडलं होतं. आपल्या बाजूने निकाल देणाऱ्या माणसाला कोण कशाला मारेल?

उत्तर दिलं पद्माबाई वझलवारांनी. एकोणीस वर्षं त्या साहेबांच्या लघुलेखिका होत्या. साहेब बोलायचे आणि पद्माबाई ते लघुलिपीच्या वाकड्यातिकड्या रेघांत झरझर उतरवायच्या. परवा त्यांनी हर्षदाला घरी बोलावलं, कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीची बशी पुढे सरकवली आणि वही उघडली.

"रोज संध्याकाळी साहेबांना त्या तबकडीसमोर उजळणी करावी लागायची बघ," त्या म्हणाल्या. "आधी यंत्र सांगणार, साहेब काय निकाल देतील. मग साहेब आपला कच्चा मसुदा दाखवणार. दोन्हींत शंभरात फरक किती, त्याचा आकडा यायचा. त्याला म्हणतात तफावत. साहेबांची नेहमी दोन, फार तर तीन."

"आणि शेवटच्या दिवशी?"

"एकाहत्तर."

हर्षदाच्या हातातली वडी हातातच राहिली.

"काळवाड्याची एक बाई साक्षीला आली होती," पद्माबाई सांगू लागल्या. "तिने विहिरीच्या पाण्याची बाटली आणलेली. साहेबांनी बूच काढून वास घेतला. संध्याकाळी मला म्हणाले, 'पद्माबाई, लिहा. खाण बंद. म्हातारपणी मी सुधारतोय वाटतं!' केवढे हसले गं! निकालावर सही उजळणीनंतरच करता येते, दुसऱ्या दिवशी. तो दुसरा दिवस काही आला नाही."

"तफावतीचा अहवाल जातो कुठे?"

"राजधानीतल्या प्रतिमा-कक्षात. मोहोरबंद."

"आणि तो कक्ष कोणाच्या हाताखाली?"

पद्माबाईंनी वही मिटली. "पोरी, वडी खा. गार होतेय."

म्हणजे कोणाला मारायचं याची यादी कोणी करत बसलंच नव्हतं. ज्याचं मन बदललं त्याचा आकडा चढायचा, बस्स. माणूस उचलला की मागे उरायची त्याची जुन्या मनाची प्रतिमा, जी कधीच बदलणार नव्हती. हर्षदाने गेलेल्या दोघा न्यायाधीशांच्या लघुलेखकांनाही गाठलं. एकाने दबक्या आवाजात सांगितलं चौसष्ट, दुसऱ्याने अडुसष्ट. लिहून द्यायला दोघेही तयार नव्हते. ते मोहोरबंद अहवालच उघडायला हवे होते, तोवर खाणीचा निकाल थांबवायला हवा होता, आणि त्यासाठी हवा होता न्यायालयाचा हुकूम.

कोणत्या न्यायालयाचा? जिथे मृत्यू झाला तिथल्या. म्हणजे खुद्द उमाठेसाहेबांच्याच!

"बोला, निरीक्षक," तबकडी म्हणाली.

हर्षदा बोलली. जीव तोडून बोलली. सुईची खूण, तीन आकडे, सतरा गावं. पद्माबाईंनी उभं राहून वहीतला मसुदा खडखडीत आवाजात वाचून दाखवला.

"या मसुद्यावर सही आहे?"

"नाही साहेब. सही व्हायच्या आधीच तर..."

"सही नसलेला कागद हा पुरावा नव्हे. एकोणीस वर्षं मी हेच सांगत आलो आहे."

"पण साहेब, हे तुमचेच शब्द आहेत!"

"उजळणीचा मसुदा मोहोरबंद अहवालात जातो, त्यामुळे माझ्या नोंदीत ते नाहीत. माझ्या एकाही निकालाशी ते जुळत नाहीत."

"खून तुमचा झालाय हो साहेब!" हर्षदा ओरडलीच.

मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. तबकडीने घसा खाकरला, दोनदा बारीक, एकदा दणदणीत. "न्यायालयाला खेद आहे. आवाज चढवल्याने पुरावा तयार होत नाही. अर्ज नामंजूर. खाणीचा निकाल उद्या अकराला."

पद्माबाईंचा हात सवयीने पेन्सिल शोधत होता. "त्या बाटलीचा वास घेण्याआधीचे साहेब अगदी हेच म्हणाले असते," त्या पुटपुटल्या. "शब्दन् शब्द."

बाहेर कडुनिंबाखाली टेकामांनी टोपी काढून घाम पुसला. "आता काय करता जी?"

"अपील. प्रतिमेच्या हुकमावर शेजारच्या न्यायाधीशांकडे जाता येतं. केदार मॅडमकडे."

"अरे बाप्पा! त्या तर सरकारची मोहोर कधीच तोडत नाहीत."

"निदान जिवंत तरी आहेत!"

"मग मनवा ना त्यांना. तुम्ही बोलायला लागल्या की दगडही पाघळते."

न्यायाधीश मृणाल केदार सव्वाचारला कुठे आपल्या दालनात डबा आवरत होत्या. चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला, बोटांना लोणच्याचं तेल. त्यांनी अर्ज एकदा वाचला. मग चष्मा खाली घेऊन पुन्हा वाचला.

"नऊ वर्षांत असा अर्ज मी एकदाही मंजूर केलेला नाही, मेश्राम. माझी तफावत एकच्या वर जात नाही. सहकारी चिडवतात त्यावरून, म्हणतात तुझ्यात आणि यंत्रात फरक तो काय." त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला. "पण उमाठेसरांनी मला हे काम शिकवलं. पाचला माझी उजळणी आहे, तोवर पाऊण तास आहे आपल्याकडे. पटवून द्या मला. अगदी मोकळ्या मनाने ऐकते."

हर्षदाने तोंड उघडलं आणि मिटलं. पाचला उजळणी!

सगळं सगळं तयार होतं तिच्याकडे. ती बोलली असती तर केदार मॅडमना पटलंच असतं, ते त्यांच्या डोळ्यांत आत्ताच दिसत होतं. मग पाचला आकडा चढला असता. सही उद्या. मध्ये एक अख्खी रात्र. त्यांना सावध करायचं म्हणजे सगळं सांगायचं, आणि सगळं सांगायचं म्हणजे पटवायचंच! बरं, गप्प बसावं, तर उद्या अकराला सतरा गावांच्या विहिरी कायमच्या काळ्या.

"अहो, बोला ना. कोर्टात तर म्हणे खूप आरडाओरडा केलात."

"मॅडम, आधी एक विचारू?" हर्षदाने अर्ज पुन्हा आपल्याकडे ओढला. "समजा तुम्हाला पटलं, तर ते आज संध्याकाळपुरतं लपवता येईल तुम्हाला?"

केदार मॅडम मनापासून हसल्या. खुर्ची पुढे ओढून त्यांनी दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली.

"पटलेलं लपवता आलं असतं, तर मी न्यायाधीश कशाला झाले असते हो?"