लदेणी रोडचं पोट

मी त्याला रस्ता बरोबरच सांगितला होता. सांगितलेली जिनिंगच जागेवर नव्हती, त्याला मी काय करू?

नवरात्राला दहा दिवस होते. पितृपक्षात नवं कापड घेत नाहीत म्हणे. पण नऊ दिवसांच्या नऊ रंगांपुढे पितरांना विचारतो कोण! यवतमाळच्या लदेणी रोडवरचं आमचं ‘सलोनी मॅचिंग सेंटर’ बायकांनी भरून गेलं होतं. सलोनी माझी मोठी बहीण. ती लग्न करून अमरावतीला गेली, तिचं नाव पाटीवर राहिलं आणि पाटीखाली ब्लाउजपीस कापायला मी, अर्पिता. बाहेर पाऊस धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता. माझंही त्या दिवसांत तसंच चाललं होतं. बी.कॉम. होऊन दोन वर्षं झाली होती, स्थळं येत होती, जात होती, आणि मला कशातच करमत नव्हतं.

तेवढ्यात ओट्यावर तो आला. हातात उंच पांढरी काठी, काठीच्या डोक्यावर ताटलीएवढं यंत्र, काखेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद.

“मॅडम, जिनिंगचा कोपरा कुठी येते?”

मी कात्री न थांबवता सांगितलं, “सरळ जा. टांगा स्टँडपासून उजवीकडं. मोठा लिंब लागन, त्याच्या पुढंच जिनिंग.”

तो ‘थँक्यू’ म्हणून गेला. तासाभराने परत आला तेव्हा निथळत होता.

“मॅडम... कोण्या सालचा रस्ता सांगितला तुमी मले?”

मी जीभ चावली. टांगे माझ्या जन्माआधीच गेले. लिंब गटाराच्या कामात तोडला. कापसाची जिनिंग पाडून तिथं मोबाइलवाल्यांचं कॉम्प्लेक्स झालं, त्यालाही वीस वर्षं होतील. पण आमच्या रोडवर सगळे असाच पत्ता सांगतात. रोडच्या पाटीवर एका थोर माणसाचं नाव आहे, ते पोस्टमनसुद्धा घेत नाही. जे दिसतं ते इथं कुणी सांगतच नाही, जे होतं ते सांगतात.

“गावात नवे दिसता,” मी म्हटलं.

“दारव्ह्याकडचा आहो मी. पण आमच्याकडं पत्त्यातल्या गोष्टी जिवंत असतात.”

दुकानातल्या बायका फिदीफिदी हसल्या. मी त्याला तोंड पुसायला मांजरपाटाचा तुकडा दिला. त्याचं नाव बादल आडे. भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक. नगरपरिषदेला रोड रुंद करायचा होता आणि देवीच्या मंडळांचे मांडव उभे राहायच्या आत त्याला मोजणी संपवायची होती. त्याच्याजवळच्या जुन्या नकाशात खुणा होत्या त्या जिनिंगच्या, विहिरीच्या, टांगा स्टँडच्या.

“अन् त्या साऱ्या तुमच्याच डोक्यात दिसून राह्यल्या,” तो म्हणाला. “थोडी मदत कराल?”

“तुमचा शर्ट शेवाळी होता. आता बाटली हिरवा झाला,” मी म्हटलं.

याला काय उत्तर म्हणतात? पण माझ्या तोंडून हेच निघालं. तो शर्टाकडे बघून हसला, आणि दुसऱ्या दिवशी दोन वाजता, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा, मी त्याच्याबरोबर रोडवर होते.

लदेणी रोड तहसीलपासून निघतो आणि भाजीमंडईत संपतो. रमतगमत गेलं तर पंधरा मिनिटं. बादलबरोबर आम्हाला चार दिवस लागले. ‘इथं विहीर होती,’ मी सांगायचे, तो काठी रोवायचा, यंत्र टुक् करायचं, आणि त्याच्या टॅबवर एक ठिपका उमटायचा. त्याच्यासोबतचे शिपाई देवीलालकाका टेप धरून जांभया द्यायचे. दोन्ही टोकांना रोड चाळीस फुटांचा. मध्येच मात्र त्याला चांगलं पोट सुटलंय. आमचं दुकान त्या पोटात.

“हे पोट कायचं, सांगा बरं,” बादलने टॅब माझ्यापुढे धरला. बोटाला बोट लागलं... म्हणजे, फार नाही.

“बाजार भरत असन पयले.”

“त्याच्याही आधी. लदेणी म्हणजे काय, माहीत हाय?”

चोवीस वर्षं मी रोज हा शब्द बोलत होते, आणि अर्थ विचारावासा कधी वाटला नव्हता. मी मान हलवली.

“आमच्या बंजारा लोकायचे बैल. पाठीवर मीठ, धान्य लादून शेकडो बैल चालत. मुक्काम इथं. गोण्यायची थप्पी लावून भिंत करत, आत लेकरंबाया, बाहेर बैल. आमची याडी, म्हणजे माय, सांगते नं, तिनं तिच्या सासऱ्याच्या तोंडून आयकलं. एवढे बैल वळवायले जागा नको? म्हणून रोड इथं रुंद.”

मी रोडकडे पाहिलं. ई-रिक्षा, पाणीपुरी, हेडफोनचे ठेले. इथं बैल रवंथ करत बसलेले मला एकदम दिसले.

“म्हणजे आमचं दुकान तुमच्या बैलायच्या जागेवर हाय?”

“तसंच दिसते.”

“मंग घेऊन जा परत.”

“काय नेऊ? दुकान... का दुकानवाली?”

बोलला, आणि कानापर्यंत लाल होऊन टॅबमध्ये तोंड घातलं. देवीलालकाकांची जांभई अर्ध्यात थांबली. त्या संध्याकाळी मी एका बाईला राणी रंगाच्या ब्लाउजला डाळिंबी अस्तर जोडून दिलं. मॅचिंग सेंटरवाल्यांच्या पोरीला हे मुळीच शोभत नाही.

रविवारी बाबा घाटंजीकडच्या वावरातून आले. माझे बाबा, पुंडलिकराव, कधी शेतात, कधी दुकानात. आल्या आल्या त्यांना रोडवरची कुजबुज कळली. पोटातल्या सगळ्यांनीच वर्षानुवर्षं पुढे सरकून घेतलं होतं. आधी ओटा, मग ओट्यावर पत्रा, मग पत्र्याला शटर. आम्हीही. खरी रेघ आखली की आमचे साडेतीन फूट जाणार होते. नेमका तिथंच आमचा काउंटर, आणि मागे उरणार ती एवढीशी बोळ.

“तो मोजणीवाला पोरगा तुह्यासंग बोलते नं?” बाबा म्हणाले. “सांग त्याले. रेघ हातभर सरकली तं कोनाचं काय जाते?”

“बाबा, मी कशी सांगू?”

“दुकान गेल्यावर सांगजो मंग.” ते पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला. “अन् बोल, पण बोलण्यापुरतं. तांड्यावरचा पोरगा हाय तो. ध्यानात ठेवजो.”

एका दमात बाबांनी मला त्याच्याकडे ढकललं आणि मागेही ओढलं. मी काय करायचं होतं? सांगितलं नाही तर दुकान गेलं. सांगितलं आणि त्याने ऐकलं, तर ज्याच्यासाठी जीव असा खालीवर होत होता तो माणूसच बदलला.

सोमवारी भुरभुर होती. चपलांच्या दुकानाच्या पत्र्याखाली आम्ही दोघं उभे होतो. देवीलालकाका चहाला गेले होते.

“बादल... आमच्या दुकानाजवळ रेघ जराशी इकडं आली तं?”

पहिल्यांदा मी त्याला नावाने हाक मारली, आणि ती कशासाठी! मला माझीच लाज वाटली.

तो थांबला. “हे बाबायनं सांगितलं, का तुमी?”

“मी,” मी म्हटलं. साफ खोटं.

त्याने टॅबची स्वच्छ काच रुमालाने पुसली. परत पुसली. “सांगतो,” म्हणाला, आणि पावसात निघून गेला.

मंगळवारी तो आमच्याकडे आला नाही. बुधवारीही नाही. लांब तहसीलच्या अंगाला पांढरी काठी दिसायची, पोटापर्यंत काही यायची नाही. मी दर पाच मिनिटांनी ओट्यावर.

“काय पाहून राह्यली?” बाबांनी विचारलं.

“पाऊस.”

“पाऊस वरतून येते. तहसीलकडून नाई येत.”

मी आत आले, दोन ब्लाउजपीस कापले आणि पुन्हा बाहेर गेले. जेवण जाईना, हसू येईना, आणि बायका विचारत होत्या की मोरपंखी आणि समुद्री यात फरक काय. मला त्या दिवशी कशातच फरक कळत नव्हता.

गुरुवारी आमच्या गाळ्याची मोजणी होती. दुकान भरलेलं. बादल आलाच नाही. देवीलालकाका आले, सायकल ओट्याला टेकवली, बाबांची सही घेतली, एक कागद दिला आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

सरकारी कागद मोठ्याने वाचायची बाबांना सवय आहे, शेजारपाजारच्यांनाही कळावं म्हणून. त्यांनी चष्मा लावला.

“विषय : लदेणी रोडवरील सलोनी मॅचिंग सेंटर या मिळकतीच्या मोजणीतून मला वगळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती की, सदर मिळकतधारकाची कन्या कुमारी अर्पिता...” बाबांचा आवाज जरा हळू झाला, पण गाडी उतारावर होती, थांबेना. “...हिच्याशी विवाह करण्याची माझी इच्छा आहे. याबाबत तिचे मत अद्याप विचारलेले नाही. तथापि सदर मोजणी माझ्या हातून निःपक्षपणे होईल, याची खात्री मला देता येत नाही. करिता अन्य भूकरमापकाची नेमणूक व्हावी. आपला विश्वासू, बादल फुलचंद आडे. प्रत : मिळकतधारक, माहितीस्तव.”

लिंबू रंग मागायला आलेल्या एका काकूंनी हळूच विचारलं, “मंग? पुढं?”

बाबांनी कागद परत वाचला, या वेळी मनात. “तुले विचारलं नाई म्हणते यात.”

“नाई विचारलं, बाबा.”

“म्हणजे आता दुसरा येईन मोजायले. अन् साडेतीन फूट जातेच.”

“हो.”

मी कात्री ठेवली आणि निघाले. आधी चालत, मग पळत. पाऊस होता, छत्री नव्हती, आणि सगळा लदेणी रोड दुकानाबाहेर येऊन मला बघत होता. बघू दे!

जीपा मंडईच्या टोकाहून सुटतात, आणि तिथंच तो यंत्र पेटीत भरत होता. दारव्ह्याची जीप समोर भरत आली होती.

“ऑफिसले आधी सांगितलं अन् मले नाई?”

त्याच्या हातातली काठी निसटली. “तुमाले कसं...”

“बाबायनं वाचून दाखवलं. अख्ख्या दुकानाले.”

“बाबायनं?” तो पेटीवरच बसला. “प्रत मिळकतधारक, माहितीस्तव... दर अर्जाखाली लिहितो मी. हात सवयीनं चालला हो! ध्यानात आलं तवर काका सायकलवर बसले होते.”

मला हसू आलं, आणि हसता हसता रडूही. “पण लिहिलं काहून?”

“तुमी रेघ सरकवा म्हटलं नं... मी खरंच सरकवून पाहिली. टॅबवर. एका बोटानं सरकते. तुमच्यासाठी म्हणून सरकवली, अन् मले माझाच भेव वाटला.” तो वर बघेना. “पुसली. मंग अर्ज लिहिला.”

“मी खोटं बोलली होती. ते बाबायनं सांगितलं होतं.”

“माहीत होतं मले. ‘मी’ म्हणतानी तुमी गटाराकडं पाहत होत्या.”

“ऑफिसले एवढं सारं लिहिता येते, मले दोन शब्द बोलता येत नाई?”

“तिकडचा नमुना ठरलेला असते, अर्पिता. तुमच्यासाठी नमुनाच नवता.”

जीपवाला ओरडला, “चला, दारव्हा!” बादल उठला नाही.

“आता विचारा,” मी म्हटलं. “बिना नमुन्याचं.”

तो उभा राहिला. ओल्या हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने ते पाठीमागे धरले, शाळेत कविता म्हणतात तसे. “माझ्यासंग... लग्न कराल?”

“करीन,” मी म्हटलं. मला हा माणूस हवा होता. दुकानासकट, दुकानाशिवाय, कसाही. इतके दिवस जे आत नुसतं धावत होतं, ते तिथं, कोथिंबिरीच्या जुड्यांमध्ये, पहिल्यांदा उभं राहिलं. जीप त्याला न घेताच गेली.

“आता चला,” मी म्हटलं. “अर्ज पोहोचला, अर्जदारानं नको पोहोचायले?”

“आत्ता? बाबायसमोर?”

“आत्ता.”

आम्ही परत आलो तेव्हा बायका ओट्यावर उभ्या होत्या आणि आतून घासल्याचा मोठा आवाज येत होता. बाबा बाह्या वर करून काउंटर ढकलत होते. आतल्या बाजूला. कपाटापर्यंत जागा मोकळी केली होती, तागे एकावर एक रचले होते, आणि सागवानी काउंटर काही हलत नव्हता.

बाबांनी बादलकडे पाहिलं.

“दुसरा कोनी येऊन मले मागं सर म्हणन, हे मले नाई चालत,” ते म्हणाले. “साडेतीन फूट कुठी येते?”

“मले आता मोजता येत नाई, बाबा. मी लिहून देलं...”

“मोज कोन म्हणते? पाय ठेव.”

बादलने चप्पल काढली आणि रेघ येते तिथं फरशीवर पाय ठेवला. बाबांनी त्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तुह्या बापाले सांगजो, रविवारी येतो म्हणा तांड्यावर,” ते म्हणाले. “हो म्हणायले नाई. पाहायले.”

“जी,” बादल म्हणाला.

“तिकडून धर आता.”

दोघांनी दोन टोकं धरली. काउंटर किरकिरत मागे सरकला आणि त्याच्या जागी ओल्या रोडचा उजेड आत आला.

“अर्पिता, त्या बाईले लिंबू रंग दे,” बाबा खेकसले. “कवाची उभी हाय.”

मी वळून तागे चाळू लागले. डोळे इतके भरले होते की समोरचे सगळे पिवळे मला सारखेच दिसत होते.