सैपाकघरातला दुसरा फोन

पोरीहो, लाईट येईपर्यंत ऐका. पर आधीच सांगते, माह्यासारखी येडी बाई अख्ख्या बोथ गावात नाही. फुकटचं दिसलं की माहं नाक बंद होते. नाहीतर दुसऱ्याच्या थुंकीचा फोन कोनी आपल्या सैपाकघरात लावते का?

पंच्यान्नव साल. घरी फोन येऊन सहा महिने झाले होते. तो पुढच्या खोलीत, आन मी सदा मागं सैपाकघरात. घंटी वाजली की कणकेच्या हातानं पळा. लायनमन मारोती म्हणे, "बाई, त्याच तारेवर दुसरा फोनचा डबा जोडून देतो. इकडं उचला नाहीतर तिकडं उचला, सारखंच." डबा जुना होता, तलमडुगूकडच्या एका म्हाताऱ्याचा. म्हातारा मेला, पोरगा मस्कतले, घराले कुलूप. "पडूनच हाय," मारोती म्हणे.

मी म्हटलं, आना.

जोडला तवाच बोलायच्या जाळीतून वास आला. तंबाखूच्या शिळ्या थुंकीचा. मी साबणानं पुसला, वरून अगरबत्ती फिरवली. आमचे सुधाकरराव, मंडल ऑफिसातले क्लार्क, नाकाले रुमाल लावून म्हणे, "आता आरती बी म्हन."

दिवाळीनंतरचा तिसरा बुधवार होता. माही मोठी बहीण रेणुकाअक्का नागपूरच्या दवाखान्यात, तिचं ऑपरेशन त्याच दिवशी. तिचं आन माहं रगत एकच. तिचा पोरगा, खुशाल नाव त्याचं, सांगून गेला होता, "मावशी, रगत लागलं तर फोन करतो, रातच्या गाडीनं निघ. पर दवाखान्यापुढचा बूथ अकराले बंद होते, त्याच्या आत काय ते सांगतो."

मी पिशवी भरून पुढच्या खोलीत बसली. नऊ वाजले. साडेनऊ. घंटी नाही.

दहाले पाच कमी असतील. लाईन हाय का नाही पाहावं म्हणून मी रिसीव्हर उचलला.

कोनीतरी चावून राह्यलं होतं.

मच... मच... मच. तोबरा भरल्यावानी. मधीच लाळ आत वढल्याचा आवाज.

यांनीच मागं उचलला समजून मी वरडली, "अवो, खानं झाल्यावर फोन धरा ना! काय घाण लावली!"

"कोनाले बोलून राह्यली?" सुधाकरराव माह्या मागंच उभे. हातात लोटा. बाहेरून आले होते.

घरात आमी दोघंच.

सैपाकघरात गेलो. रिसीव्हर ओट्यावर आडवा पडला होता. जाळीतून तपकिरी लाळ गळून राह्यली होती, सकाळच्या भाकरीच्या परातीत. तार धरून, चिकट, तुटता तुटत नव्हती. पर हा असाच उचललेला राह्यला तर खुशालले एंगेजच लागनार.

"ठेवा ना," मी म्हटलं.

"तू आनला, तूच ठेव."

मी चिमट्यानं उचलला, सापाचं पिल्लू धरल्यावानी, आन ठेवला. दहा मिनिटांनी पुढं उचलून पाह्यलं...

मच... मच.

पुन्हा मागं पळाली. या टायमाले पदरानं धरला. दांडा गरम होता. आताच कोनाच्या मुठीत असल्यावानी. ठेवला. पदर तिथंच मोरीत धुतला.

पुढं येऊन उचलला...

मच.

साडेदहा होऊन गेले. मी रिसीव्हर कानाले लावूनच विचारलं, "कोन हाय?"

चावनं थांबलं.

"धरून बसलो, बाई..." तोंड भरलेलंच होतं. "पोराचा येनार हाय... मस्कतहून. तीन साल झाले... खाली नाही ठेवला."

मले आधी समजलंच नाही. मंग समजलं.

फोन यायचा असला की उचलून धरा लागते, असं त्या म्हाताऱ्याले वाटलं होतं. कोनी सांगितलंच नाही. जिता होता तवाही कानाले लावून बसला असन, दिवस दिवस. थुंकाले बी उठला नाही.

"बाबा," मी म्हटलं, "धरून बसलं तर घंटी वाजत नाही. ठेवलं तरच येते. तुमचा बी... माहा बी."

पुन्हा मच... मच.

"माही बहीण हाय तिकडं, बाबा..."

श्वास. ओला.

मंग सैपाकघरातून आवाज आला... खट्ट.

मीबी ठेवला. अकराले चार कमी. घंटी.

"मावशी! कवापासून लावून राह्यलो, नुसतं एंगेज! आई शुद्धीवर आली. रगत इथंच भेटलं. तू येऊ नको, झोप."

झोप कुठली. अडीच वाजता घंटी वाजली. एकदाच. कोनीतरी उचलला. मी गोधडीतून पाय बाहेर काढला नाही. यांनी तर डोस्कंच आत घेतलं.

सकाळी सैपाकघरात पाह्यलं. रिसीव्हर जागेवर. कोरडा. जाळीले वास नाही.

खिडकीच्या फळीवर मात्र चावलेल्या तंबाखूचा एक गोळा. ताजा. ओला.

मी नाकाले पदर लावून म्हटलं, "अवो, साफ बोलता यावं म्हनून तोंडातून काढून ठेवला असन. म्हंजे पोराचा फोन आला असन का हो?"

सुधाकररावांनी चष्मा घातला. वाकून गोळा पाह्यला.

"आला असन. पुन्हा आला तर पोराले सांग, तिकडून एक पिकदानी पाठव म्हनावं."